पोत्यात काय आहे?



कडब्याच्या गंज्या लहान होत गेल्या आणि गोठ्यात पोती आली. ज्वारीच्या रानात सोयाबीन घुसले, कपाशी पसरली, वैरण तुटली. ज्याच्या दावणीला पूर्वी कडबा, भिजवलेली सरकी आणि दुभती असेल तर मूठभर भुईमुगाची पेंड एवढेच जात होते, त्याच्या घरी आता सुग्रासचे नाही तर गोळी पेंडेचे पोते येते. पोत्यावर धष्टपुष्ट गाईचे चित्र असते. प्रथिने इतके टक्के, तेल इतके टक्के, तंतू इतके टक्के असे आकडे छापलेले असतात. ती प्रथिने कशातून आली हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. सरकी पेंड आपल्या ओळखीची. आपलीच कपाशी, आपल्याच तालुक्यातले जिनिंग, तेल घाण्यावाल्याने घेतले आणि पेंड परत आपल्याच गव्हाणीत. शिवलेल्या पोत्याच्या आतल्या मालाशी अशी ओळख राहत नाही.

हीच ओळख तुटल्यामुळे एका पुढारलेल्या देशातल्या पावणेदोन लाखांहून जास्त गाई पिसाटल्यासारख्या होऊन मेल्या, चव्वेचाळीस लाखांच्या आसपास गुरे खबरदारी म्हणून मारून टाकावी लागली, आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे, त्यांतली बहुतेक ऐन तारुण्यातली, मेंदू पोखरून मेली. देश इंग्लंड. आपले पुढारी आणि कृषी विद्यापीठांतले शहाणे ज्या देशाची शेती बघायला सरकारी खर्चाने जातात, त्यातला एक. म्हणून ही हकिगत सविस्तर सांगितली पाहिजे.

१९८४ सालच्या डिसेंबरात दक्षिण इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात एका दूधवाल्या शेतकऱ्याने गुरांच्या डॉक्टरला बोलावले. त्याच्या गोठ्यातली १३३ नंबरची गाय पाठीला कमान काढून उभी राहत होती, वाळत चालली होती. पुढे तिचे डोके थरथरू लागले, पाय लटपटू लागले. १९८५ च्या फेब्रुवारीत ती मेली. मग त्याच गोठ्यातल्या आणखी काही गाई तशाच झाल्या. डॉक्टरला काही उमजेना. त्याने रोगाला त्या शेताचेच नाव देऊन टाकले. १९८६ च्या नोव्हेंबरात वेब्रिज येथील सरकारी पशुवैद्यक प्रयोगशाळेने निश्चित केले, की हा गाईंमधला नवाच रोग आहे. सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा काप धरला तर स्पंजासारखा दिसतो, बोंडअळीने पोखरलेल्या बोंडासारखी त्यात भोके पडलेली असतात. शास्त्रज्ञांनी त्याला बोव्हाइन स्पाँजिफॉर्म एन्सेफॅलोपथी असे लांबलचक नाव दिले. लोकांनी ‘मॅड काऊ’ म्हणजे वेडी गाय म्हटले.

रोग सापडल्यावर पहिले काम काय करायचे? ज्याच्या गोठ्यात तो आहे त्याला आणि ज्याच्या गोठ्यात उद्या येणार आहे त्याला सांगायचे. तिथे उलटे झाले. १९८७ सालचे पहिले सहा महिने या रोगाविषयी बाहेर फारसे बोलू नका, असेच धोरण राहिले. निर्यातीवर परिणाम होईल, लोक घाबरतील! गावोगावच्या पशुवैद्यांनाही पुरती कल्पना दिली गेली नाही. पशुवैद्यांच्या नियतकालिकात या रोगावरचा पहिला लेख यायला त्या वर्षाचा ऑक्टोबर संपत आला.

दरम्यान जॉन वाइलस्मिथ नावाच्या सरकारी शास्त्रज्ञाने गोठ्यागोठ्यांची माहिती गोळा करून एक गोष्ट पकडली. आजारी गाई वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या, वेगवेगळ्या वंशाच्या. औषधे वेगळी, फवारण्या वेगळ्या. सगळीकडे सारखे एकच होते, कारखान्यात तयार झालेले खाद्य. त्या खाद्यात मांस आणि हाडांचा भुगा होता.

हा भुगा म्हणजे काय ते नीट समजून घ्या. कत्तलखान्यात मांस काढून घेतल्यावर हाडे, आतडी, मुंडकी असा पुष्कळ माल उरतो. शेतावर मेलेली गुरेमेंढरेही असतातच. हे सगळे मोठ्या कढयांत कढवून चरबी वेगळी काढतात. राहिलेला चोथा वाळवून दळला की झाला भुगा. त्यात निम्म्याच्या आसपास प्रथिने, आणि बाहेरून विकत आणाव्या लागणाऱ्या सोयाबीनच्या पेंडीपेक्षा तो स्वस्त पडायचा. कारखानदाराचा हिशोब सरळ होता. प्रथिनांचा टक्का गाठायचा, स्वस्तात गाठायचा. गाय रवंथ करणारी आहे, गवत खाणारी आहे, हे त्या हिशोबात कुठे बसत नव्हते. मेलेल्या गाईचा मेंदू दळून जिवंत वासराला भरवायचा, आणि त्या खाद्याला शास्त्रीय म्हणायचे!

शेतकऱ्याला हे माहीत होते का? बहुतेकांना नव्हते. पोत्यावर प्रथिनांचा टक्का असे, प्रथिने कशाची हे नावानिशी लिहिण्याची सक्ती नव्हती. पुढे शहरी पत्रांतून लिहून आले, की लोभी शेतकऱ्यांनी गाईंना मांस चारले. हा आरोप आपल्या ओळखीचा आहे. कारखान्यात काही झाले तरी पाप बांधावरच्या माणसाच्या माथी मारायचे, ही रीत तिकडेही आहे.

रोग झाला तो मुख्यतः दुधाच्या गोठ्यांत. मांसासाठी पाळलेल्या गाईंची वासरे आईला पितात, चरतात. दुधाच्या गोठ्यातले वासरू लगेच आईपासून तोडले जाते आणि लहानपणीच पोत्यातल्या खाद्यावर येते. वासराने खाल्ले ते गाय चार-पाच वर्षांची झाल्यावर उगवते. म्हणूनच कोणाच्या लक्षात आले नाही. आज पेरलेले पाच वर्षांनी उगवणार असेल तर बियाण्यात खोट होती हे कोण कोणाला सांगणार?

आता रोगाचे मूळ. जंतू म्हटले की आपल्याला बॅक्टेरिया नाही तर विषाणू आठवतो. हा त्यातला कोणताच नाही. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टॅनले प्रुसिनर यांनी १९८२ साली त्याला ‘प्रायॉन’ हे नाव दिले आणि १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक जनावराच्या आणि माणसाच्याही मेंदूत एक साधे प्रथिन असते. त्याची घडी एका ठरावीक तऱ्हेने पडलेली असते. ही घडी कधी वाकडी पडली, की ते वाकडे प्रथिन शेजारच्या सरळ प्रथिनाला वाकडे करते, ते त्याच्या शेजारच्याला. दुधाच्या हंड्यात विरजणाचा थेंब पडावा तसे. फरक एवढाच, की विरजण उकळले तर मरते. याच्यात जीवच नाही, तर मरणार काय? शिजवून जात नाही, फॉर्मालिनमध्ये बुडवून जात नाही. शरीराला ते आपलेच प्रथिन वाटते, त्यामुळे ताप नाही, सूज नाही, रक्ताच्या साध्या तपासणीत काही दिसत नाही. लस नाही. औषध नाही. लक्षणे दिसली की शेवट ठरलेला.

मेंढ्यांमध्ये असाच एक रोग युरोपात अडीचशे वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. खाज सुटून मेंढ्या कुंपणाला अंग घासत राहतात आणि शेवटी पडतात. तो माणसाला झाल्याचे कधी दिसले नव्हते. साहेबांच्या सरकारने त्यावरूनच धीर धरला. मेंढीचा होत नाही तर गाईचा तरी कसा होईल?

१९८८ च्या उन्हाळ्यात सरकारला हलावे लागले. रोग कळवण्याची सक्ती आली आणि १८ जुलैपासून गाई-मेंढ्यांना मांस-हाडांचा भुगा घालायला बंदी झाली. बंदी जाहीर झाली जूनच्या मध्यावर आणि लागू व्हायला पाच आठवडे गेले. हे पाच आठवडे कशासाठी? गिरण्यांत आणि दुकानांत पडून असलेला माल खपावा म्हणून. ज्या मालात विष आहे असे सरकारच म्हणते आहे, तो विकून मोकळे होण्यासाठी व्यापाऱ्याला मुदत दिली. त्याच ऑगस्टमध्ये आजारी गाई सक्तीने मारायचा हुकूम निघाला तेव्हा शेतकऱ्याला भरपाई किती? बाजारभावाच्या निम्मी. त्यातही गंमत अशी, की मारल्यावर तपासणीत गाय निरोगी निघाली तर पूर्ण किंमत, रोगी निघाली तर अर्धी. रोग शेतकऱ्याने आणला नव्हता, पोत्यातून आला होता, तरी अर्धा दंड त्याला. अर्धी किंमत घेऊन जनावर हजर करा असे सांगणे म्हणजे लपवा असेच सांगणे आहे, हे लंडनच्या सचिवालयाला उमजायला दीड वर्ष लागले. १९९० च्या फेब्रुवारीत भरपाई पूर्ण झाली.

भावांनो, हा भाग आम्ही मुद्दाम लांबवला. रोग शास्त्रज्ञांच्या कामाचा विषय असेल, पण त्याची किंमत कोणी भरायची हा आपला विषय आहे.

बंदीने रोग थांबला का? नाही. बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांहून अधिक गाईंना तो झाला. कायदा गाईच्या खाद्यापुरता होता; कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात तोच भुगा चालू होता. गिरणी एकच, पट्टा एकच, कोठी एकच. सकाळी कोंबडीचे खाद्य, दुपारी गाईचे. यंत्राच्या कोपऱ्यात राहिलेला चिमूटभर भुगा गाईच्या पोत्यात जायचा. त्या वेळी वाटले होते, चिमटीने काय होते? मग प्रयोग केले. रोगी मेंदूचा एक ग्रॅम खाऊ घातला तरी वासराला रोग होतो असे दिसले, आणि पुढे तर त्याच्या हजारावा हिस्साही पुरला. १९९२ साली एका वर्षात सदतीस हजारांच्या वर गाई या रोगाने गेल्या. शेवटी १ ऑगस्ट १९९६ पासून हा भुगा पाळीव जनावरांच्या कोणत्याच खाद्यात घालायचा नाही असे ठरले आणि कारखान्यांतून उरलासुरला मालही उचलला गेला. त्यानंतर जन्मलेल्या गुरांत रोग अगदी तुरळक. म्हणजे इलाज मुळातच साधा होता. तो अर्धवट केला म्हणून आठ वर्षे गेली. आणखी एक गोष्ट. घरात बंदी घातलेला भुगा त्या काळात परदेशी विकला जात राहिला, आधी युरोपातल्या शेजाऱ्यांना, मग आशियातल्या काही देशांना. ‘आमच्या गाईला नको, तुमच्या गाईला चालेल’ हा व्यापार गोऱ्या साहेबाने नवा शोधलेला नाही.

माणसाची बाजू आता सांगतो. १९८९ च्या फेब्रुवारीत रिचर्ड साउथवुड यांच्या समितीचा अहवाल आला. या रोगाचा माणसाच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता फारच कमी, असे त्यात होते. त्याच अहवालात दुसरेही एक वाक्य होते: आमचा हा अंदाज चुकला तर परिणाम अत्यंत गंभीर होतील. मंत्र्यांनी पहिले वाक्य सात वर्षे गावोगाव फिरवले आणि दुसरे कपाटात ठेवले. १९९० च्या मे महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर यांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीच्या तोंडापुढे गोमांसाचा बर्गर धरला. बघा, काही होत नाही! त्याच महिन्यात ब्रिस्टलच्या एका पाळीव मांजराला हाच रोग झाल्याचे उघड झाले होते. मेंढीपुरते राहणारे हे दुखणे नाही, गाईतून ते मांजरात गेले, हे मांजर मरून सांगत होते.

१९९५ च्या मे महिन्यात एकोणीस वर्षांचा एक तरुण मेला. नंतर ध्यानात आले, की या नव्या रोगाचा तो पहिला बळी. माणसांतही प्रायॉनचा एक जुना रोग आहे, क्रॉइट्झफेल्ट-याकोब नावाचा. तो दहा लाखांत एखाद्याला होतो, आणि बहुधा साठीच्या पुढच्याला. इथे विशी-पंचविशीतली पोरे जाऊ लागली. आधी उदास होणे, चिडणे, हातापायांत कळा. घरच्यांना वाटायचे, मनाचे दुखणे आहे. मग तोल जातो, बोलणे तुटते, ओळख पुसते. वर्ष-सव्वा वर्षात अंत. २० मार्च १९९६ या दिवशी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांना पार्लमेंटमध्ये उभे राहून सांगावे लागले, की अशी दहा माणसे सापडली आहेत आणि त्यांचा संबंध गाईच्या रोगाशी असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. आठवड्याच्या आत युरोपने ब्रिटिश गोमांस जगात कुठेही पाठवायला बंदी केली. तीस महिन्यांपुढचे एकही जनावर खाण्यासाठी विकायचे नाही, असा हुकूम निघाला. कर्ज काढून गोठे बांधलेल्या शेतकऱ्यांच्या चांगल्या गाई भट्टीत गेल्या.

आजपर्यंत ब्रिटनमध्ये १७८ माणसे या रोगाने गेली, जगभरात मिळून अडीचशेच्या आत. सर्वांत जास्त, अठ्ठावीस, २००० साली. शेवटचा ब्रिटिश मृत्यू २०१६ चा. लाखो मरतील अशी भीती होती, तसे झाले नाही, हे नशीब. पण हा रोग गाईपाशी थांबला नाही. ज्यांना कल्पना नव्हती अशा रक्तदात्यांच्या रक्तातून तो आणखी तिघांना गेला आणि ते दगावले. म्हणून १९८० ते १९९६ या काळात ब्रिटनमध्ये राहिलेल्या माणसांचे रक्त अमेरिका, ऑस्ट्रेलियासारखे देश अगदी २०२२ पर्यंत घेत नव्हते. त्या वर्षांत तिकडे शिकायला, नोकरीला गेलेली आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेली आपली मराठी माणसेही त्यात आली.

माणसाला तो गेला कशातून? मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू यांत विष सर्वांत जास्त. कण्याच्या हाडांना चिकटलेला शेवटचा कण यंत्राच्या दाबाने खरवडून काढायचा आणि तो स्वस्त बर्गरात, सॉसेजात घालायचा, ही त्यांच्याकडची रीत होती. कण्याचे असे मांस काढायला बंदी आली १९९५ च्या डिसेंबरात. तोवर स्वस्तातले खाणारा गरीब आणि शाळकरी मुले ते खात होती. गाईच्या दुधातून हा रोग माणसाला झाल्याचे कुठे दिसलेले नाही, हेही इथेच सांगून ठेवतो, नाही तर उद्या कोणी तरी दुधाचा भाव पाडायला हे पान दाखवेल.

लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशी आयोगाने २००० सालच्या ऑक्टोबरात सोळा खंडांचा अहवाल दिला. सरकार जाणूनबुजून खोटे बोलले नाही, असे त्यांचे म्हणणे. धोका नाही असे त्यांना स्वतःलाच वाटत होते. लोक घाबरून जातील या भीतीनेच ते इतके पछाडले होते, की धीर देण्याची मोहीम उघडून बसले, आणि खरे बाहेर आले तेव्हा लोकांना फसवले गेल्यासारखे वाटले. आयोगाचा हा निष्कर्ष आम्हाला फार सौम्य वाटतो. पण त्यातले एक सूत्र कापूस-ज्वारीवाल्यालाही कामाचे आहे. बाजार वाचवायला म्हणून माहिती दाबली, आणि त्यामुळेच बाजार गेला. जर्मनी २००० च्या नोव्हेंबरपर्यंत ‘आमच्याकडे नाहीच’ म्हणत होती. पहिली गाय सापडल्यावर दीड महिन्यात आरोग्य आणि कृषी, दोन्ही मंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. २००३ च्या मे महिन्यात कॅनडात अल्बर्टा प्रांतात एक, फक्त एक गाय सापडली. अमेरिकेने त्याच दिवशी सीमा बंद केली आणि हजारो शेतकऱ्यांच्या गुरांचा भाव रातोरात मातीत गेला.

मग आपले काय? भारतात हा रोग एकदाही आढळलेला नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०१० साली भारताला या बाबतीत नगण्य धोक्याचा देश ठरवले. यात मोठा हात आपल्या गरिबीचा आणि आपल्या कडब्याचा आहे. आपल्या गाईने धांडे खाल्ले, सरकी खाल्ली, बांधावरचे गवत खाल्ले. दुष्काळात जनावरे हाडे चघळताना दिसतात, ती अंगात स्फुरद कमी पडल्यामुळे. त्यातून जनावर जिभेच्या लुळेपणाने मरू शकते, पण तो रोग वेगळा. त्याला क्षार मिश्रण द्या.

आणि आपल्याकडे गाय वेड्यासारखी करू लागली तर ‘मॅड काऊ’ म्हणून टीव्हीकडे बघत बसू नका. ती बहुधा पिसाळलेल्या कुत्र्याची करणी असते. हंबरडा घोगरा होतो, लाळ गळते, घास गिळवत नाही. आपल्याला वाटते घशात काही अडकले, आणि आपण कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. तो हात घालू नका. घातला गेलाच तर पंधरा मिनिटे साबणाने धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. पूर्वी ओढ्याकाठी टाकलेले ढोर गिधाडे तासाभरात फस्त करत. जनावरांना टोचायच्या डायक्लोफिनॅकने गिधाडे संपवली, ते औषध २००६ साली जनावरांसाठी बंद झाले, गिधाडे काही परत आली नाहीत. आता ढोरावर कुत्र्यांच्या झुंडी पोसतात. इंग्लंडच्या गाईपेक्षा हा धोका आपल्या जास्त जवळचा आहे.

तरीही पोत्याचा प्रश्न सुटत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कळले आहे, की या रोगाची एक जात म्हाताऱ्या गाईंमध्ये आपोआप, कोणतेही खाद्य न खाता उद्भवते. क्वचितच, पण कुठेही. ब्राझीलमध्ये २०२३ साली असेच एक म्हातारे जनावर सापडले आणि त्यांची चीनला जाणारी निर्यात महिनाभर थांबली. आपल्या देशात १९ कोटींवर गाई-बैल आहेत आणि म्हातारी जनावरे तर भरपूर. असे एखादे जनावर मेले आणि पुरले गेले, तर विषय तिथेच संपला. त्याची हाडे-मांस दळून दुसऱ्यांच्या तोंडी गेली, तर इंग्लंडची गोष्ट पहिल्या पानापासून सुरू होते. ठिणगी आपल्या हातात नाही. गंजी तिच्यापासून लांब ठेवणे हातात आहे.

देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने दुभत्या आणि मांसाच्या जनावरांना मांस-हाडांचे खाद्य घालायला मनाई केली आहे. चांगले केले. अपवाद मात्र कोणते? कोंबड्या, डुकरे आणि मासे. म्हणजे इंग्लंडमध्ये १९८८ साली जे दार उघडे राहिले होते तेच. मनाई कागदावर आहे, गिरणीतला पट्टा कोण धुतो? आणि कोंबडी खाद्याचे स्वस्तातले उरलेले पोते गोठ्यात रिकामे करणारा आपल्यातही कोणी असेल, तर त्याने आजपासून ते बंद करावे.

दुसरा प्रश्न पैशाचा. २००९ च्या केंद्रीय कायद्याने ठरावीक रोग झालेले जनावर कळवण्याची सक्ती मालकावर टाकली आहे. कळवू. कळवल्यावर काय? लम्पीचे उदाहरण घ्या. तो माणसाला होत नाही, विषाणूचा रोग आहे, पण भरपाईचा दाखला म्हणून घ्या. २०२२ साली राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या गाईचे तीस हजार, बैलाचे पंचवीस हजार आणि वासराचे सोळा हजार रुपये दिले. पंचवीस हजारांत आज चांगला बैल कोणत्या बाजारात मिळतो, ते सरकारने आम्हाला दाखवावे. आम्ही जोडी घ्यायला तयार आहोत. ज्या रोगात जनावर सरकारच्या हुकमाने मारले जाणार, तिथे ही मदत नव्हे, खरेदी आहे. खरेदीला बाजारभाव असतो. आणि दोष खाद्यात निघाला तर तो भाव खाद्याच्या कारखानदाराकडून वसूल करायचा अधिकार सरकारने स्वतःकडे घ्यावा. शेतकऱ्याला कोर्टात पाठवू नये.

तेव्हा येत्या जिल्हा मेळाव्याला येताना एक काम करा. घरी जे पशुखाद्य येते त्याचे रिकामे पोते, शिवणीतल्या चिठ्ठीसकट, बरोबर आणा. सरकी पेंडेचे असो, सुग्रासचे असो, दूध संघाचे असो की खाजगी कंपनीचे. पोत्यावर घटकांची नावे आहेत की नुसते टक्के, याची तालुकावार यादी मेळाव्यातच करू. नुसते टक्के असतील त्या प्रत्येक कारखान्याला जिल्ह्याच्या वतीने पत्र जाईल आणि त्यात तीनच गोष्टी विचारल्या जातील. प्रथिने कशाकशाची आहेत? त्याच यंत्रावर कोंबडी खाद्य तयार होते का? होत असेल तर मधे यंत्र कसे साफ करता? उत्तर लेखी हवे, महिन्याच्या आत हवे. ज्यांचे उत्तर येईल त्यांचे उत्तर आणि ज्यांचे येणार नाही त्यांचे नाव, दोन्ही याच पानावर छापू.